तुरुंगाचे दार आणि कायद्याची फट

१६ मार्च १९८६ हा रविवार होता. त्या दिवशी दिल्लीच्या तिहार कारागृहातील एका कैद्याने वाढदिवसाचे निमित्त करून पहारेकऱ्यांना मिठाई वाटली. मिठाईत गुंगीचे औषध होते. पहारेकरी निद्राधीन झाले आणि चार्ल्स शोभराज आणखी काही कैद्यांसह दरवाज्यातून बाहेर पडला. त्याची खरी जन्मतारीख ६ एप्रिल. योगायोग असा की, त्याच ६ एप्रिलला गोव्यातील पर्वरी येथील एका उपाहारगृहात मुंबई पोलिसांचे निरीक्षक मधुकर झेंडे यांनी त्याला पकडले. पलायनाची कहाणी जेमतेम तीन आठवड्यांची. तिचे कायदेशीर पडसाद मात्र २०२२ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षांहून अधिक काळ उमटत राहिले.

या तीन आठवड्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. २०२५ मध्ये झेंडे यांच्या कामगिरीवर चिन्मय मांडलेकर यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी चित्रपट आला आणि ही कहाणी नव्या पिढीलाही ठाऊक झाली. एका मराठी अधिकाऱ्याचे कौतुक व्हावे हे योग्यच आहे. परंतु पाठलागाच्या रंजकतेत दोन प्रश्न मागे राहतात. तिहारचे दार नेमके कोणी उघडले, हा पहिला. आणि पळून गेल्याबद्दल वाढलेला तुरुंगवास ही त्या माणसाला खरोखर शिक्षा झाली काय, हा दुसरा. समाजाला धडा घ्यावयाचा असेल, तर तो या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून घ्यावा लागेल.

बेडी आणि मिठाई

शोभराजचा जन्म १९४४ मध्ये सायगाव येथे झाला. नागरिकत्वाने तो फ्रेंच. १९७५-७६ या काळात थायलंड, नेपाळ आणि भारत या देशांत झालेल्या अनेक तरुण परदेशी प्रवाशांच्या हत्यांबाबत त्याच्यावर संशय होता. १९७६ च्या जुलैमध्ये दिल्लीत फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका गटाला गुंगीचे औषध देण्याचा डाव फसला आणि तो पकडला गेला. त्याआधीची त्याची कारकीर्द पाहता तो पळून जाईल ही भीती अनाठायी नव्हती. १९७१ मध्ये झेंडे यांनीच त्याला मुंबईत अटक केली होती. पुढे दिल्लीत आजारपणाचे सोंग करून तो रुग्णालयातून निसटला होता. अफगाणिस्तान आणि ग्रीस येथील कैदेतूनही त्याने पळ काढला होता.

म्हणून तिहारमध्ये त्याला अटकेपासून सुमारे दोन वर्षे रात्रंदिवस दंडाबेडीत ठेवण्यात आले. या बेडीविरुद्ध तो सर्वोच्च न्यायालयात गेला. फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा या कैद्याने एकांतवासाविरुद्ध केलेली याचिका आणि शोभराजची याचिका यांचा एकत्र विचार होऊन ३० ऑगस्ट १९७८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर हे या पीठात होते. कारागृहाच्या भिंतीआड गेल्याने माणसाचे मूलभूत हक्क संपुष्टात येत नाहीत, हे तत्त्व या निकालाने प्रस्थापित केले. १८९४ च्या कारागृह अधिनियमातील बेडीचे कलम न्यायालयाने रद्द केले नाही. मात्र बेडी घालावयाची तर तिला सबळ कारण हवे, ते नोंदलेले हवे आणि ती गरजेपुरतीच असावी, असे बंधन घातले. आज भारतातील कोणत्याही सामान्य कैद्याला जे थोडेफार संरक्षण आहे, त्याचा पाया अशा रीतीने एका कुख्यात माणसाच्या याचिकेतही आहे.

आठ वर्षांनी तोच माणूस पळाला, तेव्हा न्यायालयाची ही भूतदयाच नडली, असे अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. आजही कैद्यांच्या हक्कांचा विषय निघाला की हा युक्तिवाद ऐकू येतो. परंतु घटनाक्रम नीट पाहिला तर तो टिकत नाही. शोभराजने गज कापले नाहीत, भुयार खणले नाही, भिंतीवरून उडीही मारली नाही. ज्यांच्या हाती किल्ल्या होत्या, त्यांनी त्याच्या हातची मिठाई खाल्ली. कैद्याने पहारेकऱ्याला मेजवानी द्यावी आणि पहारेकऱ्याने ती निःशंकपणे स्वीकारावी, ही गोष्ट एका दिवसात घडत नसते. तिहारमध्ये त्याला मिळणाऱ्या सुखसोयींच्या, त्याच्या कोठडीतील चैनीच्या वस्तूंच्या आणि अधिकाऱ्यांशी असलेल्या त्याच्या सलगीच्या हकीकती त्या काळी वृत्तपत्रांतून येत होत्या. तुरुंगात असतानाच त्याने परदेशी लेखकांना मुलाखती दिल्या आणि त्यांवर आधारलेले पुस्तक १९७९ मध्ये प्रसिद्धही झाले. ज्या कारागृहात सवलत ही विकत मिळणारी वस्तू होते, तेथे दार उघडणे ही त्या बाजारातील शेवटची आणि सर्वांत महाग वस्तू असते, इतकेच. पायात बेडी असती तर किंमत थोडी वाढली असती. बाजार बंद झाला नसता.

वाढीव शिक्षा की आश्रय?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. त्यासाठी आमच्या विषयातील एक विचार उपयोगी पडतो. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये गुन्हा आणि शिक्षा यांच्यासंबंधी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचे सार असे की, गुन्हेगारही लाभ-हानीचा हिशेब करतो. शिक्षा ही गुन्ह्याची किंमत होय. पकडले जाण्याची शक्यता आणि शिक्षेची तीव्रता यांवरून ती ठरते. माणसाचे सारे वर्तन अशा त्रैराशिकात बसत नाही, हे उघड आहे. परंतु कायदा करणारे मात्र नेमके हेच गृहीत धरून शिक्षा ठरवतात. पळालास तर आणखी वर्षे भोगावी लागतील, ही धमकी याच गृहीतावर उभी असते.

आपल्या कायद्यात ही धमकी कशी होती ते पाहू. भारतीय दंडसंहितेच्या कलम २२४ नुसार कायदेशीर कोठडीतून पळून जाणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होती. गुन्हा करण्याच्या हेतूने गुंगीचे औषध देण्यास कलम ३२८ नुसार दहा वर्षांपर्यंत. शिवाय पळालेल्या कैद्याला झालेली नवी शिक्षा जुन्या शिक्षेहून कडक स्वरूपाची नसेल, तर जुनीची उरलेली मुदत पुरी झाल्यावरच नवी सुरू व्हावी, अशी तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून या संहितांची जागा नव्या कायद्यांनी घेतली असली, तरी विचाराची दिशा तीच आहे. सामान्य कैद्याच्या बाबतीत तो विचार बरोबरही आहे. ज्याला शिक्षा भोगून घरी जावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने तुरुंगातील प्रत्येक वाढीव वर्ष हा तोटाच असतो.

शोभराजला मात्र घरी जावयाचे नव्हते. भारतातील मूळ शिक्षेची सुमारे बारा वर्षांची मुदत १९८८ च्या आसपास संपणार होती आणि त्यानंतर थायलंड त्याची वाट पाहत होते. तेथे त्याच्यावर खुनांचे आरोप होते आणि खुनाला देहान्ताची शिक्षा होती. पण थायलंडच्या दंडसंहितेत अशा गंभीर गुन्ह्यांनाही वीस वर्षांची कालमर्यादा आहे. तेवढ्या अवधीत आरोपी न्यायालयासमोर आला नाही, तर खटला चालू शकत नाही. गुन्हे १९७५-७६ मधील, म्हणजे मुदत १९९५-९६ पर्यंत. आपल्याकडे खुनासारख्या गुन्ह्याला अशी कालमर्यादा नाही. ती केवळ लहान शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे.

या गणितातील तिसरी संख्या भारताच्या १९६२ च्या प्रत्यर्पण अधिनियमाने पुरवली. त्यातील कलम ३१ असे सांगते की, जो माणूस भारतात अन्य गुन्ह्याबद्दल आरोपी आहे किंवा शिक्षा भोगत आहे, त्याला त्या प्रकरणातून मोकळा होईपर्यंत परक्या राष्ट्राच्या स्वाधीन करता येत नाही. तीनही कायदे एकेकटे पाहिले तर त्यांत काही गैर नाही. पळणाऱ्याला अधिक शिक्षा व्हावी, हे न्याय्य. जुन्या आठवणींवर आणि विरलेल्या पुराव्यांवर कोणाला फासावर चढवू नये, हाही विचार न्याय्य. आपल्या देशात केलेल्या गुन्ह्याची शिक्षा आधी भोगून घ्यावी, हे तर राष्ट्राच्या सार्वभौमत्वाला धरूनच. पण तीन न्याय्य तरतुदी एकमेकींशेजारी ठेवल्या की त्यांच्यामध्ये एक फट राहते आणि त्या फटीतून एक माणूस सुखरूप पार झाला. पलायन आणि त्यानंतरचे खटले यांमुळे त्याचा भारतातील तुरुंगवास लांबला. १७ फेब्रुवारी १९९७ रोजी तो सुटला, तेव्हा थायलंडची मुदत उलटून गेली होती. काही आठवड्यांनी त्याची फ्रान्सला रवानगी झाली.

पकडले जाण्यासाठीच तो पळाला, असे त्या वेळेपासून बोलले जाते. त्याच्या मनातील हेतू न्यायालयात सिद्ध करण्याजोगा नव्हता आणि येथे तो सिद्ध करण्याचे कारणही नाही. हेतू काहीही असो, परिणाम निर्विवाद आहे. जी शिक्षा भय निर्माण करण्यासाठी वाढवली गेली, तिनेच त्याला देहान्ताच्या शक्यतेपासून दूर ठेवले. देहान्ताच्या शिक्षेचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु खटलाच न होणे ही निराळी गोष्ट आहे. ज्यांची मुले थायलंडमध्ये मारली गेली, त्या मातापित्यांना कोणत्याही न्यायालयात आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, आणि हे एका देशाच्या कैदखान्यातील ढिलाईमुळे तसेच दोन देशांच्या कायद्यांतील विसंगतीमुळे घडले.

जपून ठेवलेल्या कागदांची किंमत

ही कथा येथे संपली असती. ती संपली नाही याचे श्रेय दोन प्रकारच्या माणसांना आहे आणि दोघांतही पराक्रमापेक्षा चिकाटीचा भाग अधिक आहे.

पहिले अर्थातच झेंडे. पंधरा वर्षांपूर्वी एकदा पकडलेल्या माणसाचा चेहरा आणि त्याच्या सवयी ते विसरले नव्हते. त्या काळी गोव्यात परदेशी दूरध्वनी लावण्याची सोय मोजक्याच ठिकाणी होती. आपला माणूस अशा ठिकाणी येईल, असा अंदाज बांधून त्यांचे पथक त्या उपाहारगृहात दिवसामागून दिवस बसून राहिले. दुसरे हर्मन क्निपेनबर्ग. हे बँकॉकच्या डच दूतावासातील एक कनिष्ठ अधिकारी. १९७५ च्या अखेरीस मारल्या गेलेल्या एका डच जोडप्याचा शोध घेताना त्यांनी कागद जमवले, त्यांची जुळणी केली आणि वरिष्ठांचे फारसे उत्तेजन नसतानाही ते जपून ठेवले.

२००३ च्या सप्टेंबरमध्ये शोभराज काठमांडूत दिसला. तेथील एका दैनिकाने त्याचे छायाचित्र छापले आणि पोलिसांनी त्याला अटक केली. १९७५ मध्ये काठमांडूजवळ एका अमेरिकन तरुणीचा खून झाला होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या त्या प्रकरणात जुने कागद पुन्हा बाहेर आले. क्निपेनबर्ग यांचा संग्रहही उपयोगी पडला. २० ऑगस्ट २००४ रोजी जिल्हा न्यायालयाने त्याला खुनाबद्दल जन्मठेप दिली. ३० जुलै २०१० रोजी नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०१४ मध्ये त्याच काळातील एका कॅनेडियन तरुणाच्या खुनाबद्दलही तो दोषी ठरला. पुराव्यात मूळ कागदांऐवजी छायाप्रती होत्या, असा बचावपक्षाचा आक्षेप होता आणि तो दखल घेण्याजोगा होता. जुना पुरावा किती काळजीपूर्वक जतन केला पाहिजे, हेच त्यातून दिसते.

पुढे २१ डिसेंबर २०२२ रोजी नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने वयाच्या आधारावर त्याच्या सुटकेचा आदेश दिला. तेव्हा तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता आणि एकोणीस वर्षे कैदेत राहिला होता. दोन दिवसांनी त्याला नेपाळबाहेर पाठवण्यात आले. अनेकांना हा निर्णय रुचला नाही आणि मृतांच्या आप्तांना तो जिव्हारी लागला असेल, हे समजण्यासारखे आहे. तरीही १९८६ चे दार आणि २०२२ चे दार यांत मूलभूत अंतर आहे. पहिले दार मिठाईने उघडले. दुसरे लेखी आदेशाने, कारणे देऊन, सर्वांना लागू असलेल्या तरतुदीनुसार उघडले. त्या तरतुदीशी मतभेद असू शकतात. त्यासाठी कायदेमंडळात वाद घालता येतो. विकल्या गेलेल्या दाराविषयी कोठे वाद घालणार?

हिशेब कोणाच्या नावे?

प्रत्येक पलायनानंतर काय होते, हे आपण अनेकदा पाहिले आहे. काही पहारेकरी निलंबित होतात. चौकशी समिती नेमली जाते. मग भेटीचे नियम कडक होतात, डबा बंद होतो, झडत्या वाढतात. या कडकपणाचा भार कोणावर पडतो? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस भारतातील कारागृहांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक कैदी होते; क्षमता होती ४ लाख ३६ हजारांची. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे होते. पैसा आणि वजन असलेल्या एका कैद्याने दार विकत घ्यावे आणि त्याचे देणे जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या हजारोंनी फेडावे, असा हा उफराटा व्यवहार आहे. अर्थशास्त्रात आम्ही यास भार दुसऱ्यावर ढकलणे म्हणतो. कायद्याच्या भाषेत त्याला अन्याय म्हणावे लागेल.

यावर उपाय नाहीत असे नाही. पहिला उपाय जबाबदारीचा. जर्मनीत कैदी स्वतःहून पळाला तर केवळ त्या पळण्याबद्दल त्याला शिक्षा होत नाही. त्याला मदत करणाऱ्यास मात्र होते. स्वातंत्र्याची ओढ स्वाभाविक आहे आणि दार राखणे हे राखणाऱ्याचे काम आहे, अशी त्यामागील भूमिका. ती जशीच्या तशी स्वीकारावी असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्याकडील रीत तिच्या अगदी उलट टोकाला आहे. आपल्या जुन्या दंडसंहितेत दंडित कैद्याला जाणूनबुजून पळू देणाऱ्या लोकसेवकास कडक शिक्षा होती आणि निव्वळ हलगर्जीपणालाही दोन वर्षांपर्यंत कैद होती. नव्या संहितेतही हे गुन्हे आहेतच. अंमलबजावणी मात्र बहुधा दारावरच्या शिपायापाशी थांबते. सवलतींचा बाजार वर्षानुवर्षे चालतो, तो केवळ शिपायाच्या बळावर नव्हे.

दुसरा उपाय त्या शिपायाच्याच संबंधीचा. न्यायमूर्ती मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील कारागृह सुधारणा समितीने १९८३ मध्येच, म्हणजे तिहारच्या घटनेपूर्वी तीन वर्षे, आपला अहवाल दिला होता. कारागृहातील कर्मचाऱ्यांची भरती, प्रशिक्षण आणि सेवाशर्ती सुधारल्याशिवाय कारागृह सुधारणार नाही, हा त्यातील एक महत्त्वाचा विचार होता. कारागृह हा राज्यसूचीतील विषय. मते मिळवून न देणारा, म्हणून अंदाजपत्रकात मागे राहणारा. ज्याच्या हाती किल्ल्या द्यावयाच्या, त्याला अपुऱ्या वेतनावर, लांबलचक पाळ्यांत, बढतीच्या आशेवाचून ठेवणे ही काटकसर नव्हे. तो पुढे व्याजासह भरावा लागणारा खर्च आहे.

तिसरा उपाय दोन देशांमधील फट बुजवण्याचा. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या आदर्श प्रत्यर्पण करारात अशी सोय सुचवली आहे की, एका देशात शिक्षा भोगत असलेल्या माणसाला ठरलेल्या अटींवर तात्पुरते दुसऱ्या देशाच्या स्वाधीन करता यावे. म्हणजे तेथील खटला वेळेत चालेल आणि इथली शिक्षाही बुडणार नाही. भारत आणि थायलंड यांच्यात प्रत्यर्पण करार झाला तो २०१३ मध्ये, म्हणजे शोभराजला त्याचे काही भय उरले नसताना. यापुढील प्रत्येक करारात तात्पुरत्या स्वाधीनतेची तरतूद असावी आणि आपल्या १९६२ च्या अधिनियमातील कलम ३१ तिच्याशी सुसंगत करावे, अशी मागणी विधिज्ञांनी आणि संसद सदस्यांनी लावून धरली पाहिजे.

आणखी एक गोष्ट कोणत्याही अधिनियमात बसणारी नाही. गोव्यात वाट पाहत बसलेले पथक आणि बँकॉकमध्ये कागद जपणारा अधिकारी यांनी जे केले, ते वस्तुतः रोजच्या कामाचाच भाग होते. नोंद नीट ठेवणे, ती गहाळ होऊ न देणे आणि पूर्वी पाहिलेले लक्षात ठेवणे, इतकेच ते काम. तिहारमध्ये १६ मार्चला नेमके हेच झाले नाही. शाळेची हजेरी असो, कचेरीतील आवक-जावक असो वा कारागृहाच्या दारावरची वही असो. ती प्रामाणिकपणे भरली जाते की नाही, यावर न्यायाचा पुष्कळसा भाग अवलंबून असतो. शिक्षा किती वर्षांनी वाढवावी, यावर आपण हिरिरीने वाद घालतो. त्या वहीवर देखरेख कोणाची, हा प्रश्न प्रत्येक पलायनानंतर त्याहून आधी विचारला गेला पाहिजे.